घळभरणीआधीचा हिशेब: आमच्या वाडीच्या तलावाच्या नोंदी

28 नोव्हेंबर 2024

विधानसभेची आचारसंहिता उठली. 15 ऑक्टोबरला लागली तेव्हा तलावाच्या चालू कामाला आडकाठी नाही असं सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. पण वाढीव बाबीच्या, म्हणजे मूळ अंदाजपत्रकात नसलेल्या कामाच्या, मंजुरीचा कागद त्या काळात टेबलावरून हलला नाही. त्यामुळे पावसानंतरचे कोरडे, मोलाचे आठवडे पोकलेन नुसता उभा राहिला. आज पाणी समितीच्या बैठकीत ठरलं की खर्चाची नोंद तारीखवार ठेवायची. मी दूध संस्थेचं दप्तर सांभाळते, म्हणून वही माझ्याकडे आली.

नवीन वाचणाऱ्यांसाठी काम काय ते एकदा लिहून ठेवते. वाडी राधानगरी तालुक्यात, डोंगराच्या उताराला. वरच्या अंगाला ओढा आहे. त्याच्यावर मातीचा बांध घालून साठवण तलाव करायचा, बाजूला सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, तलावाखाली गाळणी, आणि तिथून उताराने पाणी घरोघरी. बांधाच्या मध्ये ओढ्यासाठी मोकळी ठेवलेली घळ शेवटी बुजवायची, ती घळभरणी. पंप नाही. तलाव एका खात्याकडे, नळाचं काम दुसऱ्या खात्याकडे. नळाच्या तोट्या घरांपुढे बसूनही झाल्या, बांध अजून पायात आहे.

भोगावती खाली वाहते, मग तिथूनच का उचलत नाही, हा प्रश्न बाहेरचा प्रत्येक माणूस विचारतो. जुनी योजना तशीच होती. मोटर होती, जॅकवेल होती, पाइपही होती. वीजबिल थकलं, जोडणी तुटली आणि योजना बंद पडली. बांधायला स्वस्त आणि चालवायला महाग, अशी ती होती. तलाव उलटा आहे: आज महाग, उद्या फुकटासारखा. हा फरक खर्चाच्या वादात कायम ध्यानात ठेवायला हवा. कोल्हापूर शहराला कळंबा तलावाचं पाणी मिळू लागलं ते 1880 च्या दशकात, तेव्हाही पाणी उताराने खाली आणण्याचाच विचार होता.

14 डिसेंबर 2024

सीओटी, म्हणजे बांधाच्या पोटाखालचा खंदक. अंदाजपत्रकात जितका खोल धरला होता, तितका खणल्यावर घट्ट तळ लागायला हवा होता. तसा तो लागलेला नाही. वर तांबडी माती, तिच्याखाली जांभा, आणि जांभ्याखाली भेगाळ खडक. आज खंदकात उतरून पाहिलं. पोकलेनच्या दातांच्या खुणा भिंतीवर ताज्या होत्या, आणि जांभ्याच्या छिद्रांतून बोटभर जाडीची धार आत येत होती. पाणी आत येतंय याचा अर्थ उद्या तलाव भरल्यावर ते याच वाटेने बाहेर जाणार.

आण्णा पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. काठीच्या टोकाने त्यांनी भेग उकरली आणि म्हणाले, "हिथं थांबलात तर तळं न्हाई, चाळण बांधताय. अजून खाली चला."

खाली जायचं म्हणजे ब्रेकर लावायचा. मुरमाचा दर वेगळा, कठीण खडकाचा दर त्याच्या कितीतरी पट. शिवाय ठेक्याच्या बी-1 नमुन्याच्या निविदेत 38 वं कलम आहे: एखाद्या बाबीचं परिमाण निविदेतल्या आकड्याच्या सव्वापटीपुढे गेलं, की पुढच्या कामाचा दर नव्याने ठरवावा लागतो. तो ठरवायला प्रस्ताव लागतो आणि प्रस्तावाला वेळ.

सर्वेक्षणाच्या वेळी बांधाच्या रेषेवर चाचणी खड्डे घेतले होते, पण थोडे, आणि तेही काठांना. ओढ्याच्या मधल्या पात्रात एकही नाही. दोन-तीन खड्डे तिथे घेतले असते तर हा जांभा कामाला सुरुवात होण्याआधीच दिसला असता. खर्च तेव्हाही इतकाच आला असता. पण तो मंजुरीत आला असता, मंजुरीनंतर नव्हे, आणि त्याने फार फरक पडला असता.

5 जानेवारी 2025

तलाव केवढा हवा याचा हिशेब पुन्हा मांडला, कारण क्षमता कमी करून खर्च वाचवा अशी सूचना आली आहे.

माणशी रोज 55 लिटर हे जलजीवन मिशनचं मान. आमची वस्ती चौदाशेच्या घरात. म्हणजे रोज 77,000 लिटर. पावसाचे चार महिने ओढाच वाहतो; उरलेल्या आठ महिन्यांचे 240 दिवस धरले तर 1 कोटी 84 लाख 80 हजार लिटर, म्हणजे 18,480 घनमीटर. बाष्पीभवन, झिरप आणि गाळ वेगळा.

आता यात म्हशी कुठे आहेत? नाहीत. दुभती म्हैस उन्हाळ्यात साठ-सत्तर लिटर पाणी पिते, म्हणजे एका माणसाच्या मानापेक्षा जास्त. वाडीत तीनशे जनावरं आहेत, संस्थेच्या दप्तरावरून सांगते. 65 लिटर धरले तर 240 दिवसांचे 46 लाख 80 हजार लिटर. हे पाणी हिशेबात धरलं नाही म्हणून जनावरं काही तहानलेली राहणार नाहीत. ते माणसांच्या नळातूनच जाणार आणि एप्रिलमध्ये तलाव तळाला लागणार. या वाडीचं घर दुधावर चालतं. म्हशीला पाणी कमी पडलं की धार कमी, आणि धार कमी झाली की पाणीपट्टी कुणी भरायची?

आण्णांचं म्हणणं असं की हे जास्तीचं पाणी वरच्या अर्ध्या मीटरमध्ये मावतं, कारण तलाव वर पसरट असतो. पसारा हेक्टरभर असला तर अर्ध्या मीटरला 5,000 घनमीटर. मात्र बांधाला आतून अडीचास एक आणि बाहेरून दोनास एक असा उतार आहे, त्यामुळे उंची अर्ध्या मीटरने वाढली की पायाची रुंदी सव्वादोन मीटरने वाढते, आणि तीही बांधाच्या सगळ्या लांबीत. समितीने ही वाढ मान्य केली. मी बाजूने मत दिलं. ही वाढ उधळपट्टीत मोजू नये म्हणून कारण इथे सविस्तर लिहिलं.

2 फेब्रुवारी 2025

कालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात जलजीवन मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ मिळाली. मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं तेव्हा 2024 ची मुदत होती. बैठकीत टाळ्या पडल्या. योजना बंद पडणार नाही, हे समाधान मोठंच आहे. पण मुदत वाढली म्हणून हप्ता वेळेवर येतो असं नाही, आणि मुदत लांब असली की प्रत्येक टेबलावर "अजून वेळ आहे" हे उत्तर तयार होतं. बाहेर पडताना सरपंच म्हणाले, तारीख आपण आपली धरायची, सरकारची धरायची नाही. ठरावात ते वाक्य घ्यायला लावलं.

19 फेब्रुवारी 2025

शिवजयंती. मिरवणूक झाल्यावर संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो होतो. बुडीत क्षेत्रातला एक तुकडा त्यांच्या नावावर आहे आणि पाइपची चर त्यांच्या उसातून जाते.

जमीन घेण्याचे रस्ते तीन. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे संपादन, थेट खरेदी, किंवा बक्षीसपत्र. पहिल्याला सर्वांत जास्त वेळ, तिसऱ्याला पैसा नाही, पण ज्याची जमीन जाते त्याच्यावर गावाचा दाब येतो. मला तो दाब मान्य नाही. पाणी सगळ्यांना आणि तुकडा एकटीचा, हा न्याय नव्हे.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जमीन देतो मी, पर फुकट न्हाई. आणि ऊस तोडल्याबिगर चर मारायची न्हाई. कारखान्याची तोड आली की त्याच दिवशी मशीन घाला, आडवी यायची न्हाई मी."

जमिनीला थेट खरेदीचा प्रस्ताव गेला. चरीसाठी थांबायचं ठरलं. तोडणीची टोळी येईपर्यंत पाइप टाकणारे रिकामे बसतील, पण उभ्या उसाची भरपाई त्यापेक्षा जास्त पडली असती.

31 मार्च 2025

वर्षअखेर. हप्ता आला नाही.

दोन रनिंग बिलं, म्हणजे झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची बिलं, मोजमाप पुस्तिकेत नोंदलेली, तपासलेली, सह्या झालेली, आणि पैसे नाहीत. ठेकेदाराने पोकलेन परवा दुसऱ्या कामावर नेला. लोक त्याला शिव्या देतात. मी त्याची बाजू घेत नाही, पण त्याचा हिशेब करून पाहिला. लाखाचं बिल सहा महिने अडकलं आणि त्याने ते पैसे वर्षाला 12 टक्क्यांनी उचलले असतील, तर 6,000 रुपये व्याजात गेले. डिझेल उधार, ऑपरेटरचा पगार रोखीने. तो नफ्यातूनच हे भागवणार, आणि नफा पुरला नाही की कामातून भागवणार. रोलरच्या फेऱ्या कमी होतात, थर जाड पडतात, पाणी कमी मारलं जातं. बांध फुटतो तो असा, दोन वर्षं आधी.

मग हप्ता येईपर्यंत पूल म्हणून तात्पुरता पैसा उभा करायचा का? चार सूचना आल्या.

दूध संस्थेच्या गंगाजळीतून उसने द्यावेत. मी स्पष्ट नाही म्हटलं. संस्थेचा निधी कुठे गुंतवायचा हे सहकार कायद्याच्या 70 व्या कलमात बांधून दिलेलं आहे. तो निधी सभासदांचा आहे आणि त्यातले बरेच सभासद शेजारच्या गावचे आहेत. पतसंस्थेचं कर्ज समितीच्या नावाने मिळत नाही, कुणाच्या तरी घराच्या उताऱ्यावर मिळतं, म्हणून ते बाद. मुंबईकर मंडळी वर्गणी देतील, पण मे महिन्यात जत्रेला आल्यावर.

चौथी सूचना एका तरुणाची: खाजगी कंपनीने पैसे घालावेत आणि मीटर लावून वसूल करावेत. आबा लगेच म्हणाले, "टोलचं इसरलास व्हय?" कोल्हापूरच्या 220 कोटींच्या रस्त्यांचा पैसा तीस वर्षं टोलमधून वसूल व्हायचा होता, शहर रस्त्यावर उतरलं आणि 2016 साली टोल कायमचा गेला. सूचना तिथेच मिटली. तरी त्या पोराचा मूळ मुद्दा मला पटतो: पैसा आधी उभा राहिला पाहिजे. पुणे महापालिकेने 2017 साली पाणी योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले ते याच कारणाने. शहराची पत असते, म्हणून 7.59 टक्क्यांनी पैसा मिळतो. वाडीची पत म्हणजे तिची माणसं.

12 एप्रिल 2025

आजची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. प्रश्न एकच: घळभरणी यंदा करायची की नाही.

बांधाचे दोन्ही काठ वर येत आहेत, मध्ये ओढ्याच्या पात्रात वाट मोकळी आहे. ती वाट बुजवली की बांध पूर्ण होतो आणि पहिल्या पावसात पाणी अडतं. ठेकेदाराला ती करायची आहे, कारण घळभरणी झाली की मोठं बिल निघतं. लोकांना ती हवी आहे, कारण दुसरा उन्हाळा टँकरवर काढणं कुणालाच नको आहे. बायका बैठकीला मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांचं चुकत नव्हतं. डोक्यावर घागर त्यांच्याच असते.

आण्णा एकटे विरोधात उभे राहिले. सांडव्याचा खडक अजून फोडून झालेला नाही, काँक्रीट नाही. सांडवा नसताना घळ बुजवली तर पाणी बांधाच्या डोक्यावरून जाणार. दगडी धरणावरून पाणी गेलं तर धरण उभं राहतं. मातीवरून गेलं तर एका रात्रीत बांध ओढ्यातून खालच्या शेतात जातो, आणि खाली घरं आहेत.

कुणीतरी विचारलं, जूनला अवकाश आहे, दीड महिन्यात सांडवा का होणार नाही? होईल, आण्णा म्हणाले, जर उद्या पैसे आले तर.

मत झालं. घळ मोकळी ठेवायची. सांडवा आणि सीओटी आधी. निकाल थोड्या मतांनी लागला आणि बैठक संपल्यावर बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नाही.

27 एप्रिल 2025

तालुक्याच्या कामाला गेले होते, येताना राधानगरी धरणाच्या बाजूने आले. लहानपणापासून पाहते, पण या वहीमुळे वेगळं दिसलं.

शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण 1918 साली पैशाअभावी थांबलं. उंची तेव्हा 40 फुटांपर्यंत आली होती. महाराज 1922 ला गेले. धरण पूर्ण झालं ते 1950 च्या दशकात. पैसा संपून काम थांबणं हे कोल्हापूरला नवं नाही. पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की ते ज्या उंचीवर थांबलं, तिथे पाणी अडत होतं. अर्धं धरणसुद्धा कामाचं होतं. पैसा कधी संपेल ते सांगता येत नसेल, तर काम अशा टप्प्यांत बांधावं की ज्या टप्प्यावर थांबावं लागेल तो वापरात येईल. आमच्या बांधाला ते सरळ लागू होत नाही, कारण तो मातीचा आहे. त्याला प्रत्येक टप्प्याला त्या उंचीचा सांडवा हवा. पण टप्प्यांचा विचार निविदेच्या वेळीच झाला असता, तर पहिल्या वर्षी कमी उंचीचा बांध आणि कमी उंचीचा सांडवा असं करता आलं असतं. सुधारित अंदाजपत्रकात हे घालायला आण्णांना सांगितलं.

थेट पाइपलाइनचंही तसंच पाहण्यासारखं आहे. काळम्मावाडी धरणाहून कोल्हापूरला सुमारे 53 किलोमीटर पाइप. केंद्राचे 80, राज्याचे 10 आणि महापालिकेचे 10 टक्के. 488 कोटींचं काम 2014 ला सुरू झालं, शहरात पाणी आलं ते 2023 च्या दिवाळीत. वनखात्याच्या, रस्त्याच्या, गावांच्या परवानग्या एकेक करून मिळत गेल्या. पाइप तुकड्या-तुकड्यांत पडत होती, आणि शेवटचा तुकडा जोडेपर्यंत आधीच्या सगळ्या तुकड्यांचा उपयोग शून्य. लांब पाइपलाइनचं हे दुखणं आहे. तिला अर्धा टप्पा नसतो. म्हणून तिथे परवानग्या आधी आणि खणती मागून, हा क्रम पाळायलाच हवा.

21 मे 2025

काल रात्रीपासून पाऊस. वळवाचा नाही, धरून बसलेला. सांडव्याच्या खडकात सुरुंगाची भोकं मारून ठेवली होती, ती पाण्याने भरली. स्फोट पुढे ढकलला.

27 मे 2025

मान्सून 24 तारखेला केरळात, 26 ला मुंबईत. इतक्या लवकर तो येईल असं कुणाच्याही वेळापत्रकात नव्हतं.

पहाटे तलावाच्या जागेवर गेले. ओढा घळीतून लाल होऊन धावत होता, बांधाच्या दोन्ही तोंडांना चाटत. उजव्या तोंडाचा वरचा थर थोडा ढासळला होता. सीओटीच्या उरलेल्या तुकड्यात गाळ भरला. हार्टिंगसाठी, म्हणजे बांधाच्या पाणी अडवणाऱ्या गाभ्यासाठी, काठावर रचून ठेवलेली काळी माती, जी लांबून डंपरने आणली होती, ती चिखल होऊन बसली. सुकेपर्यंत तिचा उपयोग नाही. हे सगळं नुकसान खर्चात धरलं जाणार आहे.

बांध मात्र जागेवर आहे. घळ बुजवली असती आणि सांडवा आजच्यासारखा अर्धवट असता, तर काल रात्री खालच्या आळीला उठवून शाळेत न्यावं लागलं असतं. बैठकीत विरोधात बोललेल्या एका वहिनींनी सकाळी आण्णांच्या घरी दूध पाठवलं. बोलणं काही झालं नाही, पण समजलं सगळ्यांना.

8 जुलै 2025

बाहेर पाऊस, घरात सुधारित अंदाजपत्रक. सुप्रमासाठी, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी, हे पाठवायचं आहे. गावात एकच वाक्य फिरतंय: "मधल्यामधे खाल्ले." म्हणून वाढ कुठून आली ते मी आण्यांत मांडलं, सगळ्यांना कळावं म्हणून. वाढलेला एक रुपया, म्हणजे सोळा आणे, घेतला तर:

पायाला सहा आणे. जांभा, भेगाळ खडक, वाढलेली खोली, पाण्याचा उपसा. हे टाळता आलं नसतं, आधी कळलं असतं एवढंच.

जनावरांच्या पाण्यासाठी वाढवलेल्या उंचीला दोन आणे. हे आपण मागितलं.

जमीन आणि पिकाला दोन आणे. हे ज्यांचं गेलं त्यांना मिळालं.

करापोटी आणि किरकोळ एक आणा.

उरले पाच आणे. ते निव्वळ थांबण्याचे आहेत. यंत्र नेलं आणि पुन्हा आणलं त्याचं भाडं. गाळ दोनदा काढणं. चिखल झालेली काळी माती दुसऱ्यांदा आणणं. दरसूची बदलली तिचा फरक. ढासळलेलं तोंड कापून पुन्हा भरणं. यातला एकही पैसा बांधाच्या उंचीत दिसत नाही आणि तलावात घोटभर पाणी वाढवत नाही.

चोरी कुठेच होत नाही असं मी म्हणत नाही. म्हणूनच मोजमाप पुस्तिकेची प्रत दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला भाग पाडलं, आणि थराची जाडी मोजायला आण्णा स्वतः जातात. पण या पाच आण्यांचा चोर पकडायला गेलं तर माणूस सापडत नाही. मंजुरी आणि पैसा यांच्यामधल्या मोकळ्या महिन्यांत ते गेले. खणती उघडण्याआधी त्या हंगामाचा पूर्ण पैसा हातात असावा, नसेल तर तेवढंच खणावं जेवढं पावसाआधी बुजवता येईल. ही अट मी सुधारित प्रस्तावाच्या टिपणीत पहिल्या क्रमांकाला लिहिली आहे आणि ती काढू नये असा आग्रह धरणार आहे.

15 ऑगस्ट 2025

ग्रामसभेत आण्यांचा तक्ता वाचला. दोन तास प्रश्न. "मधल्यामधे" हा शब्द एकदाही आला नाही.

24 सप्टेंबर 2025

परवापासून जीएसटीचे नवे दर. सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर आलं, गावात लगेच चर्चा की काम स्वस्त होणार. सांडव्यापुरतं होईल. पण आपलं काम मुख्यतः मातीकाम आहे, आणि सरकारी मातीकामाच्या ठेक्यावरचा कर 12 वरून 18 वर गेला. शंभराच्या कामाचे 112 द्यायचे ते आता 118. कर धरलेल्या जुन्या बिलावर सव्वापाच टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. उन्हाळ्यात काम पूर्ण झालं असतं तर ही वाढ लागलीच नसती. थांबण्याच्या खात्यात आणखी एक भर.

सुप्रमाची फाइल परत आली, कराची बाब दुरुस्त करून द्या म्हणून. आण्णांनी रातोरात करून दिली.

4 ऑक्टोबर 2025

यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली, म्हणून 2 तारखेची ग्रामसभा आज घेतली. विषय एकच, लोकवर्गणी.

नळाच्या कामात गावाचा वाटा 10 टक्के. (डोंगरी आणि आदिवासी भागात 5, आपल्याला 10 धरली आहे.) रोख किंवा श्रमदान, दोन्ही चालतं. मूळ रकमेचा वाटा जमला होता. वाढीव रकमेचा वाटा बाकी आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढची फाइल अडणार.

मी सूचना मांडली. दिवाळीला दूध संघाकडून दूध दराचा फरक येतो. वर्षभर घातलेल्या लिटरवर मिळणारी ती रक्कम घरात एकदम येते आणि कपडे, फराळ, देणी यात जाते. त्यातला काही भाग सभासदाने स्वतःच्या लेखी संमतीने पाणी समितीच्या खात्यात वळवावा. संस्था कापणार नाही; सभासद सही करेल तरच. ज्यांच्या घरी जनावर नाही ते श्रमदान करतील, पिचिंगचे, म्हणजे बांधाच्या उतारावरचे, दगड लावायला माणसं लागणारच आहेत. विधवा आणि भूमिहीन घरांना वगळायचं.

एक आजी उठल्या. "फरक सुनेच्या हातात येऊ दे. सही तिची घ्या, पोराची न्हाई. धार ती काढती." सभा हसली, मग गंभीर झाली, आणि ठरावात तसंच घातलं: ज्या बाईच्या हाताने दूध संस्थेत येतं, तिचीही सही.

16 ऑक्टोबर 2025

उद्या वसुबारस. फरक वाटप आज पूर्ण. संमतीपत्रांची चळत टेबलावर आहे. सहा-सात घरांनी नकार दिला. त्यांची कारणं खरी आहेत: दवाखाना, मुलीचं लग्न, वाळलेला ऊस. त्यांची नावं फळ्यावर लावणार नाही, असं आधीच ठरवलंय. मावशींनी जमिनीच्या पैशातून वेगळी रक्कम दिली. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही.

समितीच्या पासबुकात वाढीव वर्गणीची पूर्ण रक्कम जमा आहे.

9 नोव्हेंबर 2025

पैशाचे बाकीचे दरवाजे ठोठावले. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, आहे, त्यातला निम्मा पाण्यासाठी. आयोगाची मुदत मार्च 2026 ला संपते, म्हणून गाळणीचं आणि टाकीच्या जोडणीचं काम त्यातून आताच उरकायचं. शिवाय जिल्हा ग्रामविकास निधी आहे: प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का त्यात भरते आणि गरज पडली की त्यातून कर्ज घेते. आपण वर्षानुवर्षं भरत आलो, कधी मागितलं नव्हतं. बिलाचा हप्ता लांबला तर ठेकेदाराला थांबवू नये, एवढ्यापुरता पूल म्हणून अर्ज केला. परतफेड पाणीपट्टीतून, तसा ठराव जोडला.

सुप्रमा मिळाली.

23 नोव्हेंबर 2025

पोकलेन आला. सोबत रोलर. सीओटीतला गाळ काढायला सुरुवात. आण्णांनी खंदकाच्या तळाशी पाणी ओतून ते किती वेळात मुरतं हे स्वतः पाहिलं. आता मुरत नाही.

ठेकेदाराला आज सांगितलं, लेखी: सांडव्याचं काँक्रीट होऊन एकवीस दिवस पाणी मारून झाल्याशिवाय घळीत मातीची पाटी पडणार नाही. त्याने मान हलवली. मग म्हणाला, बिल वेळेवर काढा ताई, मग तुम्ही सांगाल तसं. एवढंच मागणं आहे त्याचं, आणि ते रास्त आहे.

14 डिसेंबर 2025

सांडव्याचा खडक फोडून झाला. तळाचं काँक्रीट उद्यापासून. हार्टिंगची काळी माती पुन्हा आणली, या वेळी ताडपत्रीखाली ठेवली आहे. पहिलं बिल मोजमाप पुस्तिकेत चढलं, प्रत फळ्यावर लागली.

कारखान्याची टोळी मावशींच्या शेतात परवा येणार असा निरोप आला. पाइपवाल्यांना आज रात्रीच कळवायचं, त्याच दिवशी चर मारायची. ग्रामविकास निधीच्या अर्जाला त्रुटी निघाली, पाणीपट्टी वसुलीचा तीन वर्षांचा तक्ता मागितलाय. तो ग्रामसेवकांकडून उद्या सकाळी घ्यायचा आणि दुपारच्या एसटीने जिल्हा परिषदेत पोचवायचा. घळभरणीची तारीख आण्णांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली धरली आहे. सांडव्याचं बिल जानेवारीत निघालं तरच.